छातीत दुखलंच नाही, मग अटॅक आला कधी?

प्रश्न: नमस्कार डॉक्टर, माझे बाबा ६१ वर्षांचे आहेत, शुगर १५ वर्षांपासून. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी ईसीजी काढला तर पूर्वी अटॅक येऊन गेलाय असं निघालं, टूडी इकोमध्ये पण हृदयाचा एक भाग नीट हलत नाही. बाबा म्हणतात छातीत कधीच दुखलं नाही. असं होतं का? मला पण गेल्या वर्षी शुगर निघाली, वय ३६, त्रास काही नाही. मी सीटी अँजिओ (हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा स्कॅन) करून घेऊ का? एका लॅबच्या पॅकेजमध्ये रक्तवाहिन्यांची तपासणी पण आहे.
– एक वाचक, सांगली

उत्तर: हो, होतं, आणि बाबा काही लपवत नाहीयेत. बऱ्याच वर्षांच्या शुगरने तळपायाच्या नसा बधिर होतात ना, तशाच हृदयाकडून दुखण्याचा निरोप नेणाऱ्या नसाही खराब होतात, मग अटॅक येतो पण कळ येत नाही. त्याऐवजी एखाद्या दिवशी दरदरून घाम, मळमळ, जिना चढताना नेहमीपेक्षा जास्त दम, नाहीतर दोन दिवस नुसता थकवा, आणि घरात सगळे म्हणतात पित्त झालं असेल. बाबांना नीट विचारा, असं काहीतरी बहुतेक आठवेल.

खरं तर बिघाड ब्लॉकेजच्या खूप आधी सुरू होतो. रक्तवाहिनीला आतून पेशींचं एक पातळ अस्तर असतं, एंडोथेलियम, ते नायट्रिक ऑक्साइड तयार करतं आणि त्यामुळे वाहिनी गरजेप्रमाणे रुंद होते (या शोधाला १९९८ चं नोबेल मिळालं). शुगर, बीपी, तंबाखू यांनी हे नायट्रिक ऑक्साइड कमी पडतं, वाहिनी हवी तेव्हा सैल होत नाही आणि कोलेस्टेरॉल भिंतीत शिरायला लागतं. यातलं काहीच दुखत नाही.

हे अस्तर तपासता येतं. बीपीचा पट्टा ५ मिनिटं आवळून सोडायचा आणि दंडातली धमनी किती फुगते ते सोनोग्राफीवर मोजायचं. पण आकडा जेवण, कॉफी, सिगारेट, मोजणारा माणूस या सगळ्याने बदलतो, त्यामुळे संशोधनात ठीक, तुमच्या गोळ्या त्यावरून ठरत नाहीत. पॅकेजवर पैसे घालवू नका असं मी स्पष्ट सांगेन. त्यापेक्षा लघवीतलं अल्ब्युमिन तपासा, स्वस्त आहे, आणि ते ३० (मिग्रॅ/ग्रॅम क्रिएटिनिन) च्या वर सतत येत असेल तर किडनीच्या बारीक वाहिन्या गळतायत, म्हणजे बाकी शरीरातलं अस्तरही बिघडलं असण्याची शक्यता मोठी.

आता सीटी अँजिओ. अमेरिका-कॅनडात डायड नावाचा अभ्यास झाला, टाइप २ डायबेटिस असलेली, हृदयाचा काही त्रास नसलेली ११२३ माणसं. निम्म्यांचा हृदयाचा स्कॅन केला (सीटी अँजिओ नव्हे, हृदयाचा रक्तपुरवठा दाखवणारा), निम्म्यांचा नाही. स्कॅन झालेल्या दर पाचातल्या एकापेक्षा जास्त लोकांत लपलेला दोष सापडला, पण जवळपास ५ वर्षांनी पाहिलं तर अटॅक आणि हृदयाने झालेले मृत्यू दोन्ही गटांत कमीच आणि साधारण सारखेच, बहुधा औषधं दोन्ही गटांना चांगली चालू होती म्हणून. म्हणून त्रास नसताना सरसकट स्कॅन आम्ही सांगत नाही. तुमचं लक्ष बीपी, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल), तीन महिन्यांची सरासरी शुगर (एचबीए१सी) यावर हवं आणि तंबाखू, मिश्री काही असेल तर बंद. स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी) साधारण चाळिशीपासून देतात, धोका जास्त असेल तर आधीही, ते तुमच्या डॉक्टरांशी बोला. नुसता ईसीजी नॉर्मल आला म्हणून मात्र निर्धास्त राहू नका, शांत झोपवून काढलेल्या ईसीजीत खूप काही सुटतं.

बाबांची गोष्ट वेगळी, त्यांना आजार आहेच. त्यांना आधी हृदयाच्या डॉक्टरांकडे न्या, मोतीबिंदू कधी करायचा ते त्या डॉक्टरांनाच ठरवू दे, आणि ऑपरेशन आहे म्हणून रक्त पातळ करणारी गोळी मनाने बंद करू नका. यापुढे अचानक घाम किंवा दम लागला तर ग्लुकोमीटरवर शुगर बघा, कमी असेल तर साखर द्या, पण कमी नसेल किंवा साखर देऊनही बरं वाटत नसेल तर छातीत दुखायची वाट न बघता लगेच हॉस्पिटलमध्ये ईसीजीला न्या, रात्र असली तरी.