लूप प्लेला फिरतो, मग रेकॉर्डला का थांबतो?

प्रश्न: सर, ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये चार बारचा (चार आवर्तनांचा) ड्रम ट्रॅक घेतलाय, लूपचं बटण लावलंय, प्ले केलं की मस्त गोल गोल फिरतो. पण त्यावर गिटार रेकॉर्ड करायला गेलो की ड्रम एकदाच वाजतो आणि पुढे सगळं शांत, माझी गिटार एकटीच चालू! सेटिंग कुठे चुकतंय?

उत्तर: सेटिंग काही चुकलेलं नाही हो, ते बटणच या कामाचं नाहीये. ऑडॅसिटीतलं लूप म्हणजे फक्त ऐकताना तेवढा भाग पुन्हा पुन्हा वाजवणं, रेकॉर्ड दाबलं की ते बाजूला राहतं आणि ट्रॅकवर प्रत्यक्ष जेवढा ड्रम आहे तेवढाच वाजतो. म्हणून ड्रमच गाण्याच्या लांबीएवढा करून घ्या. ड्रमचा तुकडा सिलेक्ट करा, इफेक्ट मेन्यूत रिपीट आहे ते उघडा आणि आकडा टाका. इथे बरेच जण फसतात, तो आकडा 'अजून किती वेळा' याचा असतो, म्हणजे एकूण २० फेऱ्या हव्या असतील तर १९ टाकायचे.

पण त्याआधी तुकडा बरोबर कापलाय का ते बघा, खरी गंमत तिथेच आहे. ६० भागिले बीपीएम (मिनिटाला किती मात्रा) म्हणजे एका मात्रेचे सेकंद. ८० बीपीएमला एक मात्रा ०.७५ सेकंदाची, चार मात्रांचा बार ३ सेकंदांचा, तुमचे चार बार बरोबर १२ सेकंदांचे आणि २० फेऱ्या म्हणजे ४ मिनिटं. आता समजा कापताना तुकडा १२.०३ सेकंदांचा झाला. एका फेरीला ३० मिलिसेकंद म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण प्रत्येक सांध्यावर समेला एक बारीकसा अडखळा येतो, आणि वर क्लिक ट्रॅक (तालासाठीची टिक-टिक) किंवा दुसरा कुठला लूप लावलात तर विसाव्या फेरीपर्यंत अर्ध्या सेकंदाहून जास्त फरक पडलेला असतो, म्हणजे जवळजवळ पाऊण मात्राच गेली! म्हणून नजरेनं कापू नका, सिलेक्शनची लांबी आकड्यात टाका. सांध्यावर टक् असा आवाज येत असेल तर सिलेक्ट करून झेड दाबा, कडा झिरो क्रॉसिंगवर, म्हणजे ध्वनिलहर शून्यावर असते तिथे, सरकतात. आणि लूप एमपीथ्रीमध्ये ठेवू नका, त्या फॉरमॅटमध्ये फाइलच्या सुरुवातीला नि शेवटी किंचित शांतता चिकटते, तुम्ही कितीही नीट कापा, सांधा उघडा पडणारच. वेव्ह (WAV) फॉरमॅट वापरा.

अजून एक, झांजेची आस, म्हणजे वाजल्यावर मागे रेंगाळणारा आवाज. चौथ्या बारच्या शेवटी क्रॅश झांज वाजली तर तिची आस पुढच्या फेरीच्या पहिल्या मात्रेवर ऐकू यायला हवी, पण तुकडा तिथेच कापलेला असतो त्यामुळे ती खटकन तुटते. ड्रम स्वतः बनवत असाल तर सलग दोन फेऱ्या रेकॉर्ड करून दुसरी फेरी कापून घ्या, तिच्या सुरुवातीला आधीची आस आपोआप येते.

मग गिटार. ट्रान्सपोर्ट मेन्यूत ओव्हरडब (रेकॉर्ड करताना आधीचे ट्रॅक वाजत ठेवणं) चालू आहे ना बघा आणि रेकॉर्ड करताना शिफ्ट आर दाबा, म्हणजे नवा ट्रॅक उघडतो. नुसतं आर दाबलंत आणि ड्रमचा ट्रॅक सिलेक्ट असेल तर गिटार त्याच ट्रॅकच्या शेपटीला जाऊन चिकटू शकते.

प्रश्न: मी ऑडॅसिटीऐवजी रीपर हे सॉफ्टवेअर वापरते. तिथेही असंच रिपीट करायचं का?

उत्तर: नाही, तिथे सोपं आहे. आयटमची, म्हणजे ट्रॅकवरच्या ड्रमच्या तुकड्याची, उजवी कड धरून ओढा, आतला आवाज आपोआप पुन्हा पुन्हा येत जातो. गॅरेजबँडमध्येही तसंच, फक्त रीजनचा (तिथे तुकड्याला रीजन म्हणतात) उजवा वरचा कोपरा धरायचा. आणि रीपरमध्ये रिपीट लावून रेकॉर्ड केलंत तर दर फेरीला नवा टेक, म्हणजे वेगळं रेकॉर्डिंग, तयार होतो, नंतर त्यातला चांगला निवडता येतो. एखादा सोलो जमत नसेल तेव्हा हे भारी पडतं, पण अख्खं गाणं असं करू नका, टेक ऐकत बसण्यातच वेळ जातो आणि शेवटी पहिलाच बरा वाटतो.

प्रश्न: वाजवताना तालात असतो, पण नंतर ऐकलं की गिटार ड्रमच्या मागे पडलेली असते. हात कच्चा की मशीन?

उत्तर: मागे पडणं कायम सारखंच असेल तर मशीन, कमीजास्त होत असेल तर हात. ब्लूटूथ हेडफोन असेल तर आधी तो काढा, त्याचा उशीर बराच असतो, वायरचा लावा. मग क्लिक ट्रॅक बनवा, हेडफोन माइकला टेकवून तोच क्लिक रेकॉर्ड करा आणि झूम करून दोन्ही क्लिकमधलं अंतर मोजा. ऑडॅसिटीच्या प्रेफरन्सेसमध्ये लेटन्सी कॉम्पेन्सेशन (रेकॉर्डिंगचा उशीर भरून काढणारं सेटिंग) आहे, रेकॉर्ड झालेला क्लिक जितके मिलिसेकंद उशिरा येतोय तितका तिथला आकडा अजून मायनसकडे न्या आणि परत एकदा मोजून बघा. इंटरफेस (गिटार-माइक कॉम्प्युटरला जोडणारं यंत्र) किंवा कॉम्प्युटर बदललात की हे पुन्हा करावं लागेल.