सज्ञान झाल्यावरही काही तरुण-तरुणी लैंगिक संबंध लांबणीवर का टाकतात?

या प्रश्नाला केवळ ‘संस्कार’ हे उत्तर मला अपुरे वाटते. गोंदिया किंवा गडचिरोलीहून नागपुरात येऊन, भाड्याच्या खोलीत राहून स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलगी अनेकदा गर्भधारणेची धास्ती, घरी कळण्याची भीती आणि हक्काच्या एकांताचा अभाव यांचा विचार करून थांबते. श्रद्धेपोटी किंवा जोडीदारावर पुरता विश्वास बसेपर्यंत थांबणारेही असतात, आणि काहींना तशी इच्छाच होत नाही, जे तितकेच स्वाभाविक आहे. निरोधामुळे गर्भधारणेचा व एचआयव्हीचा धोका बराच कमी होतो, मात्र मनाची तयारी त्याने होत नाही. कायद्यानुसार संमतीचे वय १८ वर्षे आहे. परंतु त्यानंतरही, अगदी पूर्वी होकार दिलेला असला तरी, नकाराचा अधिकार प्रत्येक वेळी कायम राहतो.