−१ म्हणजे ‘पुन्हा वाचा’ नव्हे

प्रश्न : ताई, शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीच्या भट्ट्यांचं तापमान टीएलएसवरून (सांकेतिक, सुरक्षित जोडणीवरून) आमच्या सर्व्हरवर येतं. वाचणाऱ्या फंक्शनवर जुनी कमेंट (कोडमध्ये माणसांसाठी लिहिलेली टीप) आहे : ‘० आलं तर कनेक्शन बंद, −१ आलं तर पुन्हा वाचा.’ कोडही तेच करतो. फौंड्रीकडचं कनेक्शन मध्येच तुटलं की आमचा प्रोसेसर रात्रभर शंभर टक्क्यांवर. सीनियर म्हणतात, कमेंट सगळ्याच पुसून टाक. पुसू का?
— एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : ती कमेंट कुणी मनानं रचलेली नाही. टीएलएस हाताळणाऱ्या ओपनएसएसएल या लायब्ररीच्या जुन्या माहितीतच ० आणि −१ मध्ये तसा फरक सांगितला होता. आताचं मॅन पेज (अधिकृत माहितीपान) म्हणतं, त्यावर जाऊ नका, नेमकं काय झालं ते एसएसएल_गेट_एरर या फंक्शनला विचारा. मूळ सुधारलं, तुमच्याकडची नक्कल तशीच राहिली. त्याचं उत्तर ‘वाँट_रीड’ किंवा ‘वाँट_राइट’ (अजून थांबा) आलं तरच पुन्हा वाचायचं. ‘सिस्कॉल’ किंवा ‘एसएसएल’ आलं तर ते कनेक्शन संपलं, त्याला परत हात लावायचा नाही. तुमचा पुन्हा-पुन्हा वाचणारा लूप नेमका तिथेच अडकतोय.

म्हणून ही कमेंट आजच बदला. पण सगळ्या पुसायला माझा ठाम विरोध आहे. एसएसएल_रीड या वाचायच्या कॉलच्या आधी जुन्या चुका पुसणारं ईआरआर_क्लिअर_एरर लागतं, कारण त्या थ्रेडच्या (प्रोग्रॅममधल्या कामाच्या एका धाग्याच्या) चुकांच्या रांगेत आधीची चूक उरली असेल तर गेट_एरर भलतंच उत्तर देतं. नुसता कोड बघून हे कुणाला कळणार? शाहूपुरीतल्या एका छोट्या ऑफिसात असताना मीच अशी ओळ ‘उगीच आहे’ म्हणून काढली होती. एका थ्रेडवर दोन कनेक्शनं होती. एक तुटलं की दुसरं, चांगलं चाललेलंही, बंद पडायचं. कारण सापडायला चार दिवस लागले. त्या ओळीवर एक वाक्य असतं तर मी तिला हात लावला नसता.

ओपनएसएसएलच्याच एका ओळीवर ‘प्युरिफाय (मेमरीतल्या चुका शोधणारं साधन) तक्रार करतं’ एवढीच कमेंट होती, ओळ कशासाठी आहे ते नव्हतं. २००६ साली डेबियन या लिनक्स प्रणालीमध्ये ती आणि तशीच दुसरी ओळ बंद केली गेली. मे २००८ मध्ये उघड झालं, की सांकेतिक किल्ल्या बनवताना यादृच्छिकता जवळपास प्रोसेस क्रमांकापुरतीच (चालू प्रोग्रॅमला मिळणाऱ्या छोट्या आकड्यापुरतीच) उरली होती.

कोड बदलाल त्याच कमिटमध्ये (नोंदवलेल्या बदलात) कमेंट बदला. रिव्ह्यू करणाऱ्याला डिफमध्ये (जुन्या-नव्या कोडमधला फरक) सहसा बदललेल्या आणि आजूबाजूच्या थोड्याच ओळी दिसतात, शिळी कमेंट त्यांच्या वर कुठेतरी असू शकते. म्हणून पूर्ण फंक्शन उघडून वाचायला सांगा. आणि एक टेस्ट लिहा : समोरच्या बाजूनं कनेक्शन अचानक तोडायचं, लूप बाहेर पडलाच पाहिजे.