मेटलर्जी मिळतंय, घेऊ का? पप्पा नको म्हणतात

प्रश्न: मॅडम, सीईटीचा स्कोअर बरा आलाय पण कॉम्प्युटर चांगल्या कॉलेजात बसत नाही, पुण्याला सीओईपीत मेटलर्जी मिळेल असं दिसतंय. पप्पा शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत मोल्डिंगला आहेत, ते म्हणतात मी जन्मभर धूर खाल्ला, तू तरी एसीत बस. घरात रोज हाच विषय. मेटलर्जीत नेमकं शिकवतात काय आणि मुलींना जॉब देतात का?
– एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर: अगं, पप्पा म्हणतात ते खोटं नाही. मोल्डिंगच्या वाळूतली सिलिकाची बारीक धूळ वर्षानुवर्षं फुफ्फुसात गेली की सिलिकोसिस होतो, भट्टीजवळची उष्णता वेगळीच, त्यामुळे त्यांना वाटणारी काळजी अगदी रास्त आहे आणि त्यावर वाद घालू नकोस. पण त्यांनी फौंड्री पाहिलीये ती साच्याच्या बाजूने, तुला शिकायचंय ते साच्यात ओतलेल्या लोखंडाच्या आत काय होतं ते, आणि ह्या दोन गोष्टी एकच समजून निर्णय घेऊ नका एवढं मला सांगायचंय.

आज रात्री त्यांना एक विचार, एसजीचं, म्हणजे गोळेदार ग्रॅफाइटच्या बिडाचं, मेटल ट्रीट केल्यावर ओतायची एवढी घाई का असते? त्यांना माहीत असणार, उशीर झाला की मेटल वाया जातं. आता त्यामागचं बघ. साध्या ग्रे आयर्नमध्ये, म्हणजे नेहमीच्या बिडात, साधारण साडेतीन टक्के कार्बन असतो आणि थंड होताना त्याचे ग्रॅफाइटचे चपटे पापुद्रे तयार होतात, त्यांच्या टोकदार कडांपासून तडा सुरू होतो म्हणून तो बीड पटकन तुटतो. त्याच रसात थोडं मॅग्नेशियम घातलं, शेवटी ०.०४ टक्क्याच्या आसपास उरलं तरी पुरतं, की ग्रॅफाइटचे गोळे होतात आणि तेच लोखंड तुटायच्या आधी चांगलं ताणलं जातं. ४००/१५ ग्रेड म्हणतात ना, त्यातले १५ म्हणजे तुटेपर्यंत किमान १५ टक्के लांबी वाढली पाहिजे, ग्रे आयर्नमध्ये ती जवळपास शून्य असते. मॅग्नेशियम १०९० डिग्रीलाच उकळतं आणि रस असतो १४०० च्या वर, म्हणून तो डोळे दिपवणारा भडका उडतो, आणि मग ते हळूहळू निघून जात राहतं, उशीर केला तर गोळे परत बिघडतात. तुझे पप्पा हे सगळं हाताने करत आलेत. कॉलेजात ह्याचं कारण शिकवतात, आणि मला विचारशील तर इंजिनियरिंगमध्ये ह्याच्याइतकं सुंदर फार थोडं आहे.

फर्स्ट इयर सगळ्यांचं सारखंच. खरी ब्रँच सुरू होते पुढे, थर्मोडायनॅमिक्स, फेज ट्रान्सफॉर्मेशन, हीट ट्रीटमेंट, स्टील बनवणं, गंज, सिरॅमिक, पॉलिमर. मायक्रोस्कोपखाली बघायला सॅम्पल तासन्‌तास घासावं लागतं, पॉलिश करायचं, नायटल (अल्कोहोलमध्ये थोडं नायट्रिक अ‍ॅसिड) लावायचं आणि मग आतली रचना दिसते.

जॉबचं स्पष्ट सांगते. सुरुवातीचा पगार सॉफ्टवेअरपेक्षा बऱ्याचदा कमी असतो. मुली घेतात, लॅबमध्ये, क्वालिटीत, फेल्युअर अ‍ॅनालिसिसमध्ये, डिझाइनमध्ये आणि शॉपफ्लोअरवरही. इंटरव्ह्यूला शिफ्ट, जायची-यायची गाडी, टॉयलेट ह्याबद्दल बिनधास्त विचार, त्यात लाजायचं काही नाही. हैदराबादची खास मिश्रधातू बनवणारी सरकारी कंपनी मिधानी, बीएआरसी, गाड्यांच्या कंपन्यांच्या मटेरियल लॅब, सगळीकडे ह्या शिक्षणाला काम आहे. मात्र तुला मनापासून कोडिंगच करायचं असेल तर फक्त कॉलेजच्या नावासाठी मेटलर्जी घेऊ नकोस, चार वर्षं नकोशा विषयात काढणं फार जड जातं.

प्रश्न: सेकंड इयरला आहे. आयर्न-कार्बन डायग्राम कितीदा पाठ केला तरी परीक्षेत सगळं मिसळतं. काही ट्रिक आहे का?
– आर., नागपूर

उत्तर: पाठ करणं बंद कर. किती कार्बनला, किती तापमानाला लोखंडाची आतली रचना कशी असते, एवढंच तो डायग्राम सांगतो. एकच स्टील घे, ०.४ टक्के कार्बनचं, आणि ९०० डिग्रीवरून सावकाश खाली ये. प्रत्येक टप्प्यावर स्वतःला विचार, आत्ता कार्बन कुठे आहे? वर ऑस्टेनाइटमध्ये, म्हणजे लोखंडाच्या जास्त तापमानाच्या रचनेत, तो आरामात विरघळलेला असतो, खाली फेराइट, म्हणजे कमी तापमानाची रचना, तयार व्हायला लागलं की त्यात त्याला जवळजवळ जागाच नाही, म्हणून तो उरलेल्या ऑस्टेनाइटमध्ये साठत जातो, आणि ७२७ ला त्या उरलेल्याचं पर्लाइट, म्हणजे फेराइट आणि लोखंड-कार्बाइडचे एकाआड एक थर, होतं. डायग्रामवरून प्रमाण काढायचा लिव्हर रूल लावून बघ, साधारण अर्धं पर्लाइट येईल. हेच स्टील लाल असताना पाण्यात बुडवलं तर कार्बनला निघून जायला वेळच मिळत नाही, तो अडकतो आणि कडक ठिसूळ मार्टेन्साइट होतं, जे ह्या डायग्राममध्ये कुठेच नाही कारण डायग्राम सावकाश थंड होण्याचा आहे. ही एक गोष्ट बऱ्याच जणांना शेवटपर्यंत कळत नाही.

लॅबमध्ये सरांना सांगून, गॉगल घालून, एक शिवणाची सुई पकडीत धरून लाल कर आणि हळूहळू थंड होऊ दे, ती वाकेल. परत लाल करून पटकन पाण्यात घाल, वाकवायला गेलास की टचकन तुटेल. एकदा हे हाताला कळलं की डायग्राम डोक्यात आपोआप बसतो.

प्रश्न: मुलगी एमएस्सी फिजिक्स करते आहे, आता तिला मटेरियल्स सायन्सला जायचंय. इंजिनियरिंग नसताना जमेल का? ती जर्मनीचंही बोलते.
– एक आई, सातारा

उत्तर: ताई, जमेल, बिनधास्त पाठवा. मटेरियल्समध्ये फिजिक्स-केमिस्ट्रीची मुलं भरपूर असतात, सेमीकंडक्टर, बॅटरी, थिन फिल्म ह्या कामांत तर त्यांचा पाया पक्का असतो. बऱ्याच आयआयटींमध्ये एमएस्सीवाल्यांना एमटेकचा रस्ता आहे, गेट द्यावी लागते. मेटलर्जीचा एमटी पेपर वेगळा आणि एक्सई पेपरात मटेरियल्स सायन्सचा भाग निवडता येतो तो वेगळा, तिला हा दुसरा किंवा फिजिक्सचाच पेपर सोपा जाईल, पण कुठला पेपर चालतो ते प्रत्येक संस्थेच्या ब्रोशरमध्ये बघूनच फॉर्म भरा. जर्मनीत ह्या विषयाची परंपरा मोठी आहे, फ्रायबर्गला १७६५ पासून खाणी आणि धातूंचं विद्यापीठ आहे आणि जर्मेनियम १८८६ साली तिथेच सापडलं. फक्त कोर्स इंग्रजीत आहे की जर्मनमध्ये हे आधी तपासा, जर्मनमध्ये असेल तर भाषेचा क्लास आत्ताच लावा, शेवटच्या सेमिस्टरला वेळ मिळत नाही.