‘काही कळलं नाही’ या अभिप्रायाचं काय करायचं?

प्रश्न : मी मास मीडियाच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्प म्हणून नऊ मिनिटांची प्रायोगिक शॉर्टफिल्म केली. त्यात गोष्ट नाही, संवाद नाहीत. एक बाई एकच जिना पुन्हा पुन्हा चढते आणि दर वेळी आवाज मात्र भलत्याच जागेचा येतो : रेल्वे फलाट, शाळेची मधली सुट्टी, हॉस्पिटल, पाऊस. वर्गात दाखवली तेव्हा निम्मे जण मोबाइलमध्ये डोकं घालून बसले होते. सर म्हणाले, “मेहनत दिसते, पण काही कळलं नाही.” एका मुलाने तर “आवाज सिंकमध्ये नाहीये, चित्राशी जुळत नाहीये” असं सांगितलं, म्हणजे त्याला मूळ कल्पनाच समजली नाही! बाहेरून आलेल्या परीक्षकांनी फॉर्मवर ‘स्वतःपुरती फिल्म’ एवढंच लिहिलं. मैत्रिणी म्हणाल्या, “भारी!” मला पुढे दिग्दर्शन शिकायचं आहे. घरचे म्हणतात, सरळ गोष्ट असलेली फिल्म कर. प्रवेशासाठी हीच पाठवू, की हिला बाजूला ठेवून नवी करू? कृपया नाव छापू नये.

उत्तर : तू पाठवलेली फिल्म दोनदा पाहिली. एकदा चांगले हेडफोन लावून आणि एकदा मुद्दाम फोनच्या स्पीकरवर. आधी सरळ उत्तर देते : फिल्म बाजूला टाकू नकोस आणि आहे तशी पाठवूही नकोस. पुन्हा शूट करायची गरज मला तरी दिसत नाही. परत एडिटला बस, त्यातही आवाजाच्या ट्रॅकवर. आणि बसण्याआधी त्या ‘सिंक’वाल्या मुलाचं म्हणणं नीट समजून घे. तुला मिळालेल्या अभिप्रायांत सगळ्यात कामाचा तोच आहे.

का ते सांगते. पहिल्या चढणीला फलाटाचा आवाज येतो, दुसरीला मधल्या सुट्टीचा गलका. इथवर बघणारा जरा सावरून बसलाय, काहीतरी वेगळं चाललंय हे त्याला जाणवतंय. तिसऱ्या चढणीला तू एकदम तिच्या चपलांचा खरा आवाज देतेस. पाऊल पडलं की टप्प, पाऊल पडलं की टप्प. चित्र आणि आवाज तंतोतंत जुळलेले. फिल्मसोबत पाठवलेल्या टिपणात या जागेला तू ‘ती भानावर येते’ असं लिहिलं आहेस. पण प्रेक्षकाच्या हातात तुझं टिपण नाही. त्याने आतापर्यंत दोनच चढणी पाहिल्यात, आणि दोन उदाहरणांवरून कोणी नियम बांधत नाही. त्यामुळे तिसऱ्या वेळी आवाज जुळला की तो सोपा हिशेब करतो : हे बरोबर वाटतंय, म्हणजे आधीचं चुकलं होतं. चौथ्या चढणीला आवाज पुन्हा भलतीकडचा येतो आणि त्याचा संशय पक्का होतो. ‘सिंक गेलाय.’ त्या मुलाला कल्पना समजली नाही हे खरंच, पण ती समजायला तू त्याला जागाच ठेवली नव्हतीस.

लेव कुलेशोव या रशियन दिग्दर्शकाचा जुना प्रयोग तुमच्या अभ्यासक्रमात झाला असेलच. एका नटाचा तोच निर्विकार चेहरा, त्याच्याशेजारी कधी सूपची वाटी, कधी शवपेटी, आणि बघणाऱ्यांना त्याच चेहऱ्यावर कधी भूक दिसली, कधी दुःख. परीक्षेच्या उत्तरात आपण याला ‘संकलनाची ताकद’ म्हणून मोकळे होतो. तुला उपयोगी पडेल ती गोष्ट जरा वेगळी आहे : शेजारी ठेवलेल्या दोन गोष्टी प्रेक्षक जोडणारच. तू त्याला जोड सुचवली नाहीस तर तो स्वतःची लावेल. तुझ्या फिल्ममध्ये त्याने ‘जिना आणि फलाट’ यांची जोड ‘तांत्रिक बिघाड’ अशी लावली.

प्रायोगिक फिल्म करणाऱ्या मुलामुलींचा एक लाडका समज असतो की इथे नियम नसतात. असतात, आणि जास्त कडक असतात. गोष्टीच्या फिल्मचे नियम प्रेक्षक लहानपणापासून शिकून आलेला असतो. तुझ्या फिल्मचे नियम त्याला पहिल्यांदाच भेटतायत, ते पडद्यावरच शिकवावे लागतात, तेही न सांगता. क्रिस मार्करची १९६२ सालची ‘ला जेटे’ मिळाली तर पाहा. सुमारे २८ मिनिटांची ही फिल्म जवळजवळ पूर्णपणे स्थिर छायाचित्रांची आहे. अपवाद एका छोट्या शॉटचा : झोपलेली बाई डोळे उघडते, आणि तेवढंच चित्र हलतं. हा शॉट बऱ्याच उशिरा येतो. तोवर आपण स्थिर चित्रांना इतके सरावलेले असतो की पापण्यांची ती उघडझाप अंगावर येते. तोच शॉट दुसऱ्याच मिनिटाला आला असता, तर एवढंच वाटलं असतं की दिग्दर्शकाने काही भाग फोटोंवर भागवलाय आणि काही व्हिडिओवर.

तुझा चपलांच्या आवाजाचा क्षण हा तुझा तसा शॉट आहे. फिल्ममधली सगळ्यात चांगली कल्पना तीच आहे आणि ती तू तिसऱ्याच चढणीला उधळलीस. पाचवीला किंवा सहावीला नेऊन बघ. त्याआधीच्या चढणींत एकही पाऊल ऐकू येता कामा नये. दुसऱ्या चढणीत एक पाऊल अस्पष्ट ऐकू येतं, ते चुकून राहिलं असावं. तेही काढ.

आता फोनच्या स्पीकरबद्दल. हॉस्पिटलच्या चढणीला तू फक्त यंत्रांची खालच्या पट्टीतली घरघर वापरली आहेस. हेडफोनवर ती पोटात गोळा आणते. फोनवर मात्र ती चढण मला चक्क मुकी दिसली, कारण लहान स्पीकर तो खर्ज वाजवूच शकत नाहीत. वर्गात फिल्म कशावर दाखवली होती? प्रोजेक्टरच्या अंगच्या स्पीकरवर असेल तर तिथेही हेच झालं असणार. म्हणजे ज्या फिल्मची सगळी मदार आवाजावर, तिचा एक मोठा भाग प्रेक्षकांनी ऐकलाच नाही, आणि तू त्यांच्या समजुतीला दोष देत बसलीस. घरघरीच्या वर मधल्या पट्टीतलं काहीतरी ठेव : ट्रॉलीचं चाक, पडद्याच्या कड्या, दूरवरचं बोलणं. मिक्स झालं, म्हणजे सगळे आवाज एकत्र बसवून झाले, की हेडफोन, लॅपटॉप, फोन आणि एखादा मोठा हॉल, असं चार ठिकाणी ऐक. जिन्याचा रूम टोन, म्हणजे कोणी काही करत नसताना तिथे जो आवाज असतो तो, रेकॉर्ड केलेला दिसत नाही. जमल्यास परत जाऊन मिनिटभर घेऊन ये. चपलांच्या क्षणी तो खाली घातलास तर जागा खरी वाटेल.

बाकीचे अभिप्राय पटकन बघू. मैत्रिणींचं ‘भारी’ प्रेमाने घे आणि विसर. सरांचं ‘काही कळलं नाही’ आहे तसं निरुपयोगी आहे, पण सर उपलब्ध आहेत ना? जाऊन एकच विचार : “सर, कुठपर्यंत तुम्ही माझ्यासोबत होतात?” माणसाला आपण कुठे सुटलो ते बहुतेक वेळा नेमकं आठवतं. का सुटलो याचं कारण मात्र तो जे सांगेल ते बरोबर असेलच असं नाही, आणि उपाय तर क्वचितच. ‘संवाद टाक’, ‘शेवटी कळू दे ती कोण आहे’ असे सल्ले येतील. जागा लिहून घे, उपाय तुझा तू शोध.

‘स्वतःपुरती फिल्म’ हे वाक्य तुला लागलंय हे पत्रावरून दिसतंच. परीक्षकांनी तेवढंच लिहून कागद सरकवणं मला आवडलं नाही. विद्यार्थ्याच्या कामावर अभिप्राय देताना निदान एक जागा दाखवायला हवी. पण त्यामागे काय असावं याचा अंदाज करता येतो. तुझ्या सगळ्या चढणी जवळपास सारख्याच लांबीच्या आहेत. कॅमेरा तिथेच, चालीचा वेग तोच. चौथ्या चढणीनंतर पुढे काय होणार हे प्रेक्षकाला ठाऊक असतं आणि तरी तू त्याला पूर्ण जिना चढायला लावतेस. पुनरावृत्तीत प्रत्येक वेळी काहीतरी सरकावं लागतं. एखादी चढण अर्ध्यावर तोड. दुसरी एखादी दोनच शॉटमध्ये संपव. वर्गात लोकांनी मोबाइल कितव्या मिनिटाला काढले हे तू पाहिलंस का? माझी पैज चौथ्या चढणीवर आहे. नऊ मिनिटांची सहा झाली तर फिल्मचं काही बिघडणार नाही. ऑस्करच्या नियमांत श्रेयनामावलीसकट ४० मिनिटांपर्यंतची फिल्म शॉर्टफिल्म ठरते, पण ती मर्यादा आहे, तेवढं भरलंच पाहिजे असं नाही.

आणि सुरुवातीची ती पाटी, ‘हा स्मृती आणि ध्वनी यांच्या नात्याचा शोध आहे’, ती आजच काढ. कृपा कर.

नवा कट, म्हणजे एडिट केलेली नवी आवृत्ती, तयार झाला की दाखवताना पद्धत बदल. पाच-सहा माणसं पुरेत, ज्यांनी आधीचा कट पाहिलेला नाही अशी. त्यातली दोन तरी असं काही कधीच न बघणारी असू देत. प्रस्तावना करू नकोस. आधी समजावून सांगितलंस तर तुला फिल्मवर नाही, तुझ्या भाषणावर प्रतिक्रिया मिळतील. पडद्याकडे पाठ करून बस आणि माणसं बघ. कोण कधी चुळबुळलं, कोण कधी पुढे झुकलं, शेजारी टाइमकोड, म्हणजे तेव्हा फिल्मचं कितवं मिनिट-सेकंद चालू होतं ते, लिहून ठेव. अर्धा अभिप्राय इथेच मिळतो.

नंतरच्या बोलण्यासाठी लिझ लर्मन या अमेरिकी नृत्यदिग्दर्शिकेने १९९० च्या सुमारास बसवलेली एक पद्धत आहे, ती नाटक-नृत्यापासून लेखनापर्यंत अनेक ठिकाणी वापरतात. तिचे चार टप्पे. आधी बघणाऱ्यांनी काय लक्षात राहिलं, काय भिडलं ते सांगायचं. मग कलाकाराने स्वतःचे प्रश्न विचारायचे. मग बघणाऱ्यांनी कलाकाराला प्रश्न विचारायचे, पण प्रश्नाच्या आडून स्वतःचं मत द्यायचं नाही. ‘एवढं लांब का ठेवलंस?’ हे मत झालं, ‘लांबी कशी ठरवलीस?’ हा प्रश्न. आणि सगळ्यात शेवटी मतं, तीही कलाकाराची परवानगी घेऊन. दुसऱ्या टप्प्यावर तुझ्यासारख्यांची गाडी अडते. ‘कशी वाटली?’ हा प्रश्नच नव्हे, त्याला ‘छान’ किंवा ‘कळली नाही’ याखेरीज उत्तर नाही. ‘आवाज मुद्दाम वेगळा ठेवलाय हे तुम्हाला कधी जाणवलं?’ असं विचार. सहापैकी चौघांनी दुसरी-तिसरी चढण सांगितली तर तुझं काम झालं. कोणीच सांगितली नाही तर परत एडिट. त्या बाईचं काय झालं याबद्दल प्रत्येकाने वेगळं सांगितलं, तर मात्र काही दुरुस्त करू नकोस. तो गोंधळ तुला हवा आहे.

प्रवेशाबद्दल. दिग्दर्शनासाठी एकच फिल्म पाठवायची असेल तर नव्या कटची हीच पाठव. दोन चालत असतील तर घरच्यांचं ऐकून तीन मिनिटांची एक साधी फिल्मही कर : दोन माणसं, एक खोली, एकाला काहीतरी हवंय आणि दुसरा देत नाहीये. घरच्यांना ‘समजणारी’ फिल्म हवी म्हणून नाही. तुझ्या नऊ मिनिटांत दोन नटांना समोरासमोर उभं केलेलं एकदाही दिसत नाही, आणि ते तुला येतं का हे निवड करणारे बघणारच. सोबत निवेदन मागतात, त्यात ‘स्मृती’, ‘अवकाश’ असे शब्द पेरू नकोस. पहिला कट कसा होता, तो दाखवल्यावर काय झालं, तू काय बदललंस आणि काय मुद्दाम बदललं नाहीस, एवढं साध्या भाषेत लिही. मुलाखतीत प्रश्न याच्यावरच येतात. पहिला कट पुसू नकोस, वेगळ्या नावाने जपून ठेव.

तू विचारलं नाहीस, तरी एक सांगते. ही फिल्म बघताना मला दिग्दर्शिकेच्या आधी साउंड डिझाइन करणारी मुलगी दिसली. फलाटाच्या आवाजात उद्घोषणा न घेता फक्त थांबणाऱ्या गाडीचा उसासा घेणं ही सहज सुचणारी निवड नाही. बऱ्याच फिल्म संस्थांत ध्वनी हा स्वतंत्र विभाग असतो. अर्ज भरताना तो पर्याय निदान वाचून तरी बघ. निव्वळ प्रायोगिक फिल्मवर घर चालवणारे जगात कुठेही फार थोडे, बाकीचे एडिटिंग, आवाज, जाहिराती किंवा शिकवणं यावर पोट भरतात आणि आपलं काम चालू ठेवतात. हातात एखादी कारागिरी पक्की असेल तर हे जमतं.

शेवटचं, कागदपत्रांचं. फिल्म अजून कुठे जाहीरपणे टाकू नकोस, पासवर्ड लावलेली लिंक ठेव. काही महोत्सव आधी सर्वांसाठी ऑनलाइन उपलब्ध झालेली फिल्म घेत नाहीत. फलाट आणि पाऊस तू स्वतः रेकॉर्ड केलास असं लिहिलंयस, शाळेचा गलका इंटरनेटवरून घेतलास. त्याचा परवाना काय म्हणतो ते तपासून घे, शंका असेल तर स्वतः रेकॉर्ड कर, आणि शाळेची परवानगी घेऊनच कर. जिना चढणाऱ्या बाईंची लेखी संमती घेतली नसेल तर आताच घे. आणि गटप्रकल्प असेल तर श्रेयनामावलीत कोणी काय केलं ते स्पष्ट लिही, तुझं नाव तीन जागी असलं तरी चालेल.