पुरस्कार संशोधनाचा की सेवेचा?

प्रश्न : मी ऑक्युपेशनल थेरपीच्या, म्हणजे रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून दिल्या जाणाऱ्या उपचारांच्या, तिसऱ्या वर्षाला आहे. हाताच्या पुनर्वसनात रस आहे. या क्षेत्रात संशोधनासाठी आणि सेवेसाठी वेगवेगळे पुरस्कार असतात, असं कळलं. सर म्हणतात, आधी संशोधन कर. आई म्हणते, पेशंट नीट बघ, नाव आपोआप होईल. मी कशाची तयारी करू?

उत्तर : आईचं म्हणणं अर्धं खरं आहे. नाव आपोआप होईलही, पण पुरस्कारासाठी बहुतेक वेळा कुणीतरी नामांकन भरावं लागतं, आणि नामांकनात लिहायला नोंदी लागतात.

या पुरस्कारांची उतरंड आधी समजून घे. सगळ्यात वर व्याख्यानाचे सन्मान. या व्यवसायाचा पाया घालणाऱ्यांच्या नावाने ती होतात : अमेरिकेत १९५५ पासून एलिनॉर क्लार्क स्लेगल यांच्या नावाचं, ब्रिटनमध्ये १९७३ पासून एलिझाबेथ कॅसन यांच्या नावाचं. सेन्सरी इंटिग्रेशनचा, म्हणजे मेंदू वेगवेगळ्या संवेदनांची सांगड कशी घालतो याचा, सिद्धांत मांडणाऱ्या जीन एअर्स यांनी १९६३ मध्ये स्लेगल व्याख्यान दिलं होतं. इथे अनेक वर्षांचं काम तोललं जातं. त्याखाली संघटनांच्या फेलोशिप आणि सेवा-गौरव. तिथेही अनुभव आणि सभासदत्व पाहतात. विद्यार्थ्याला खरं उघडं दार म्हणजे परिषदेतला शोधनिबंध आणि पोस्टर. तुझी तयारी तिथूनच सुरू होते.

त्या दारात बरेच जण एकाच गोष्टीवर अडकतात. पेशंटची माहिती आधी गोळा होते आणि एथिक्स कमिटीची, म्हणजे संशोधन नैतिक आहे ना हे पाहून मंजुरी देणाऱ्या समितीची, आठवण नंतर येते. मागाहून मंजुरी मिळत नाही. आराखडा, संमतिपत्र, मंजुरी आणि मगच पहिला पेशंट, हा क्रम मोडलास तर कितीही चांगला अभ्यास स्पर्धेतून बाद होऊ शकतो.

दुसरी चूक मोजमापाची. ‘हालचाल सुधारली’ एवढ्यावर परीक्षकाचं समाधान होत नाही. हाताच्या पेशंटची ग्रिप स्ट्रेंग्थ, म्हणजे पकडीचा जोर, डायनॅमोमीटर या मापयंत्राने घे, पण तेवढ्यावर थांबू नकोस. पकड वाढूनही बटण लावता येत नसेल तर आपल्या व्यवसायाच्या दृष्टीने काम अर्धवटच आहे. त्यासाठी सीओपीएम (कॅनेडियन ऑक्युपेशनल परफॉर्मन्स मेजर) ही रोजच्या कामांची मोजपट्टी वापर. पेशंट स्वतःच्या अडचणी सांगतो आणि त्यातल्या जास्तीत जास्त पाच निवडतो. प्रत्येकीला ‘किती जमतं’ आणि ‘त्यावर किती समाधानी’ असे १ ते १० मध्ये गुण देतो. उपचारानंतर तेच गुण पुन्हा घ्यायचे. दोन किंवा अधिक गुणांचा फरक साधारणपणे अर्थपूर्ण मानतात. उपचार संपल्यावर आठवणीने ‘आधीचे’ गुण भरू नकोस. एवढं करूनही तुलनेचा गट नसेल, तर सुधारणा उपचारामुळेच झाली असा दावा करू नये. जखम भरण्याचा काळही हाताला मदत करत असतो. ही मर्यादा निबंधात स्वतःच लिही. परीक्षकाने ती काढून दाखवण्यापेक्षा ते बरं.

सारांशाची शब्दमर्यादा काटेकोर पाळ. नाव झाकून परीक्षण होणार असेल तर मजकुरात कॉलेजचं नाव राहू देऊ नकोस. सूचना न वाचल्यामुळे बाद होणं, यासारखं वाईट कारण नाही.

सेवेच्या पुरस्काराची तयारी वेगळी वाटते, पण ती त्याच नोंदवहीतून होते. शिबिर झालं की तारीख, किती जणांना तपासलं, कोणती साधनं किंवा स्प्लिंट (हाताला आधार देणारे साचे) दिले, आणि तीन महिन्यांनी त्यातले किती वापरात होते, हे लिही. शेवटचा आकडा बहुतेक जण ठेवत नाहीत, आणि निवड समितीला पटतो तो नेमका हाच. फोटोंचा अल्बम त्याची जागा घेऊ शकत नाही. पेशंटचं नाव वहीत नको, सांकेतिक क्रमांक पुरे. शिफारसपत्र तुझं काम प्रत्यक्ष पाहिलेल्या व्यक्तीकडून घे. मोठ्या पदाच्या माणसाचं मोघम पत्र फारसं उपयोगी पडत नाही. पत्र देणाऱ्याला महिनाभर आधी सांग, सोबत कामाचा एक पानाचा तपशील दे.

म्हणून या वर्षी एकच प्रश्न निवड, तोही छोटा. उदाहरणार्थ, घरी नेलेला स्प्लिंट पेशंट दिवसातून किती तास घालतात आणि काढून का ठेवतात? सरांशी बोलून याचा आराखडा आधी एथिक्स कमिटीकडे दे. उत्तर मिळालं तर निबंध होईल, आणि पुढच्या शिबिरातले स्प्लिंटही बहुधा जास्त वापरले जातील.