जिवलग मैत्रिणीबरोबर एकाच ऑफिसात काम करावं का?

तुमचा प्रश्न असा, की जिवलग मैत्रीण स्वतःच्या विभागात नोकरीला बोलावतेय, घरचे म्हणतात मैत्री आणि काम वेगळं ठेव, तर काय करू?

जा. घरच्यांचं हे वाक्य मी आमच्या साहेबांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय, की उत्तर जरा लांबणार आहे.

मी आणि माझी मैत्रीण एका प्रकाशनात मुद्रितशोधनाला होतो. प्रुफं जोडीनं वाचायची. एकीनं मूळ प्रत मोठ्यानं वाचायची, दुसरीनं प्रुफावर पेन्सिल फिरवायची. स्वल्पविराम, नवा परिच्छेद, अवतरण सुरू, अवतरण बंद, सगळं तोंडानं. आकडे सुटे सुटे. दुसऱ्या कुणाबरोबर हे काम म्हणजे अर्ध्या तासात जांभया. ती मात्र रटाळ मजकूरसुद्धा बातम्या दिल्यासारखा वाचायची, आणि तिचा आवाज जरा जरी अडखळला तरी मला कळायचं, की पुढे लेखकानं काहीतरी घोळ घातलाय.

आता अडचण अशी, की मराठीत कितीतरी ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ कानाला कळतच नाही. 'दिन' आणि 'दीन' आपण एकसारखेच म्हणतो. म्हणून आमची एक खूण ठरली होती. शंका येईल अशा शब्दाला पहिली वेलांटी असेल तर तिनं टेबलावर पेन्सिलीचा एक ठोका द्यायचा, दुसरी असेल तर दोन. कुणी शिकवलं नव्हतं, आपोआप जमलं. मध्येच एखादं वाक्य असं यायचं, की दोघी हसून हसून बेजार.

साहेबांना ते ठोके म्हणजे तबला वाटायचा. हसणं चालू म्हणजे काम बंद, हा त्यांचा हिशेब. एका सोमवारी आम्हाला खोलीच्या दोन टोकांना बसवलं. म्हणाले, "एकेकटीनं वाचा, दुप्पट काम होईल."

महिनाभरात प्रथमोपचाराची एक पुस्तिका छापून आली. मजकूर होता, 'जखमेच्या वरची शीर दाबून धरा.' छापलं गेलं, 'शिर दाबून धरा.' म्हणजे हाताला कापलंय आणि लोक डोकं दाबताहेत! चूक माझीच, नाकारत नाही. पण समोर ती असती तर दोन ठोके पडले असते.

डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की हे दोन मानसशास्त्रज्ञ 1969 पासून जोडीनं काम करत होते. माणूस निर्णय घेताना कुठे फसतो, हा त्यांचा विषय. कानेमन यांनी स्वतःच लिहून ठेवलंय, की तासन्‌तास काम चालायचं आणि तितकाच वेळ हसणंही. पहिल्या निबंधावर आधी कुणाचं नाव घालायचं हे त्यांनी नाणं उडवून ठरवलं, पुढे आलटूनपालटून. त्याच कामासाठी 2002 मध्ये कानेमन यांना नोबेल मिळालं. ट्वर्स्की 1996 मध्येच गेले होते. साहेबांनी या दोघांना पहिल्याच आठवड्यात दोन टोकांना बसवलं असतं.

हेही सांगायला हवं, की पुढे त्या दोघांत दुरावा आला. कौतुक जास्त एकाच्या वाट्याला येत गेलं, हे त्यातलं एक कारण. आमच्यातही तसं झालं. मला बढती मिळाली, तिला नाही, आणि सहा महिने आम्ही फक्त कामापुरतं बोललो. शेवटी तीच माझ्या टेबलाशी आली आणि न बोलता दोन ठोके देऊन गेली.

तुमचा प्रश्न आत्ता परत वाचला. मैत्रीण तुमची वरिष्ठ असणार आहे, हे माझ्या नजरेतून निसटलंच होतं. मग एवढं करा, पगार आणि रजा यांबद्दल तिच्याशी नाही, तिच्या वरच्या माणसाशी बोलायचं हे आधीच ठरवा. आणि तिची चूक दिसली तर त्याच दिवशी सांगा, साठवू नका. बाकी मला ठाऊक नाही, मी कधी तिच्या हाताखाली नव्हते.

तर, त्या पुस्तिकेच्या प्रत्येक प्रतीत दुरुस्तीची चिठ्ठी चिकटवायची वेळ आली, तेव्हा साहेबांनी मुकाट्यानं आम्हा दोघींना परत एका टेबलावर बसवलं. दोन दिवस, बोटांना खळ, समोर प्रतींचे गठ्ठे. शिक्षाच होती ती, पण नोकरीतले इतके सुखाचे दिवस मला दुसरे आठवत नाहीत. त्यातली एक प्रत अजून माझ्याकडे आहे. चिठ्ठीचा मजकूर आम्हीच लिहिला होता, दोघींनी मिळून तीनदा वाचला होता, ठोक्यांसकट. वर ठळक अक्षरात छापलंय 'शुद्धीपत्र'. 'द्ध'ला दुसरी वेलांटी, हवी होती पहिली. साहेबांच्या ते आजतागायत लक्षात आलेलं नाही.